प्रवेशअर्जातील दहा मिनिटे आणि बारावीनंतरचा उन्हाळा

बारावीचा निकाल लागला की शहरांतील घरोघरी चर्चेला एकच विषय उरतो, तो म्हणजे प्रवेश. कोणते महाविद्यालय, कोणती शाखा, पहिली गुणवत्ता यादी कितीवर थांबेल, दुसऱ्या यादीची वाट पाहावी की मिळेल तेथे शुल्क भरून मोकळे व्हावे, या प्रश्नांत दोन-तीन आठवडे कसे सरतात ते कळतही नाही. अखेर नाव यादीत लागते. शुल्क भरण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार असते आणि संगणकाच्या पडद्यावर आणखी एक अर्ज उघडतो. त्यात मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य अभ्यासक्रम, सहअभ्यासक्रम असे रकाने असतात. महाविद्यालयाच्या नावावर महिनाभर खल करणारे कुटुंब हे रकाने दहा मिनिटांत भरून टाकते. मैत्रिणीने जे घेतले ते, किंवा यादीत जे सर्वांत वर दिसले ते.

या दहा मिनिटांची किंमत मात्र पुढची तीन वर्षे, कधी चार वर्षे मोजावी लागते. परीक्षा संपल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंत विद्यार्थ्याच्या हाती सुमारे तीन महिने असतात. एरवी केवळ निकालाची वाट पाहण्यात जाणारा हा काळ विषयनिवडीसाठी वापरला, तर पुढचा बराच मनस्ताप टळू शकतो.

‘एफवाय’ आता विसाव्याचे वर्ष नाही

जुन्या पिढीच्या आठवणीतले ‘एफवाय’चे वर्ष थोडे निवांत असे. बारावीचा शीण उतरवावा, कट्ट्यावर मित्र जमवावेत, नाटकाच्या तालमींना जावे आणि विशेष विषयाचा विचार पुढे करावा, अशी रीत होती. पालक आजही मुलांना याच अनुभवावरून सल्ला देतात. परंतु राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवीची रचनाच बदलली आहे. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून, तर विद्यापीठांशी संलग्न अन्य महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या आराखड्याची अंमलबजावणी सुरू झाली. या रचनेत पहिल्या सत्रापासूनच प्रत्येक विषयाला श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, असतात. ते विद्यार्थ्याच्या नावावर जमा होत जातात आणि पुढच्या वर्षांतील पर्याय त्यांवर अवलंबून राहतात.

याचे एक उदाहरण पुरेसे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ पदवी घ्यायची असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा त्याहून अधिक गुण लागतात. या सहा सत्रांत पहिले सत्रही आले. म्हणजे ज्या सत्रात विद्यार्थ्याला अजून ग्रंथालयाचा जिना सापडलेला नसतो, त्या सत्राचे गुणही चौथ्या वर्षातील संशोधनाच्या संधीत मोजले जातात.

श्रेयांकांचे गणित

श्रेयांक हा शब्द कानावर पडतो, पण त्यामागचे तासांचे गणित सहसा कोणी मांडत नाही. साधारणतः १५ आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला एक तास व्याख्यान म्हणजे एक श्रेयांक. प्रात्यक्षिकाला मात्र एका श्रेयांकासाठी आठवड्याला दोन तास द्यावे लागतात. एका सत्रात २० ते २२ श्रेयांक, वर्षाला ४० ते ४४, तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी १६० ते १७६ असा महाराष्ट्रातील हिशेब आहे.

आता विज्ञान शाखेतील एक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणावी. तिच्या २२ श्रेयांकांपैकी १६ व्याख्यानांचे आणि सहा प्रात्यक्षिकांचे असतील, तर आठवड्याला १६ अधिक १२, म्हणजे २८ तास वर्गात आणि प्रयोगशाळेत जातात. ती डोंबिवली किंवा विरारहून दक्षिण मुंबईत येत असेल आणि रोजच्या येण्याजाण्यात अडीच-तीन तास मोडत असतील, तर सहा दिवसांत आणखी १५ ते १८ तास लोकलमध्ये जातात. घरी पुस्तक उघडण्यापूर्वीच आठवड्याचे ४३ ते ४६ तास संपलेले असतात. त्यात एखाद्या स्पर्धा परीक्षेचा खासगी वर्ग आणि अर्धवेळ काम यांची भर घालण्यापूर्वी हे गणित कागदावर मांडणे शहाणपणाचे. पहिल्या सत्रात अनेकांची घसरगुंडी होते. त्यामागे बुद्धीपेक्षा न मांडलेला हा हिशेबच अनेकदा असतो.

रकान्यांचा अर्थ

मेजर म्हणजे मुख्य विषय. पदवी ज्या विषयातील म्हणून ओळखली जाईल, तो हा विषय. काही विद्यापीठांत तो प्रवेशाच्या वेळीच ठरतो, तर काही ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या वजनाने शिकवले जातात आणि त्यांतील एक दुसऱ्या वर्षापासून मुख्य होतो. आपल्या महाविद्यालयात यांपैकी कोणती पद्धत आहे, हा विचारण्याचा पहिला प्रश्न. तीन विषयांची पद्धत असेल, तर पहिले वर्ष ही चाचपणीची उत्तम संधी असते. मात्र जो विषय या तिघांत घेतलाच नाही, तो पुढे मुख्य विषय म्हणून मिळण्याची आशा ठेवता येत नाही.

मायनर म्हणजे गौण विषय. हे नाव थोडे फसवे आहे. हा विषय त्याच विद्याशाखेतील असू शकतो किंवा दुसऱ्या, आणि तो अनेक सत्रे सोबत राहतो. ओपन इलेक्टिव्ह मात्र मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने अर्थव्यवहाराची ओळख करून घ्यावी, इतिहासाच्या विद्यार्थिनीने संगणकाची, अशी त्यामागची कल्पना आहे. याखेरीज व्यवसाय व कौशल्यविषयक अभ्यासक्रम, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली आणि राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, क्रीडा, कला यांसारखे सहअभ्यासक्रम असतात. त्यांपैकी अनेकांचे श्रेयांक दोन-दोनच असतात. तरीही ते एकूण गुणांत धरले जातात आणि ‘सोपा पेपर’ म्हणून दुर्लक्षिलेला विषयच सरासरी खाली ओढतो.

सहअभ्यासक्रमाचा निर्णयही वेळेवर घ्यावा लागतो. एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र मिळवायचे तर त्याआधी ‘बी’ प्रमाणपत्राचा टप्पा पार करावा लागतो आणि त्यात पदवीची सगळी वर्षे जातात. नावनोंदणी पहिल्या वर्षाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत होते. दुसऱ्या वर्षी हौस जागी झाली, तर उशीर झालेला असतो. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तासांचे नियमित काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर असते. वेळापत्रकात त्याची जागा आधीच पाहून ठेवावी लागते.

येथे एक वास्तवही लक्षात घेतले पाहिजे. विद्यापीठाच्या यादीत विषय पुष्कळ असले, तरी महाविद्यालय तेच विषय देते ज्यांसाठी त्याच्याकडे शिक्षक आणि वर्गखोल्या आहेत. निवड करायची आहे ती त्या लहान यादीतून. म्हणून महाविद्यालयाचे नाव ठरवण्याआधीच, तेथे कोणते विषय कोणत्या जोडीने मिळतात आणि चौथे वर्ष उपलब्ध आहे का, याची चौकशी करावी. ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या व्यासपीठावरील अभ्यासक्रमांतून एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवण्याची तरतूद आयोगाच्या २०२१ च्या नियमांत आहे. तथापि त्यासाठी संस्थेची पूर्वसंमती लागते आणि परीक्षाही द्यावी लागते.

कोणती दारे बंद होतात?

विषय निवडताना ‘याला स्कोप आहे का’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. त्याऐवजी ‘हा विषय सोडला तर पुढे कोणते दार बंद होईल’ असे विचारले, तर उत्तर अधिक नेमके मिळते. गणिताचेच पाहा. अर्थशास्त्र आवडते, पण गणिताची भीती वाटते, म्हणून गणित आणि संख्याशास्त्र टाळणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. पदव्युत्तर अर्थशास्त्राच्या नामवंत प्रवेशपरीक्षांत मात्र याच दोन विषयांचा कस लागतो. आयआयटींच्या ‘जॅम’ या परीक्षेत २०२१ पासून अर्थशास्त्राची प्रश्नपत्रिका आहे आणि तिच्या अभ्यासक्रमात गणित व संख्याशास्त्राला ठळक स्थान आहे. ज्याला त्या वाटेने जायचे आहे, त्याने मायनरच्या रकान्यात काय लिहावे, याचे उत्तर येथेच मिळते. शिक्षक व्हायचे असेल, तर बी.एड.साठी पदवीचे विषय शाळेत शिकवल्या जाणाऱ्या विषयांशी जुळतात का, हे आजच पाहिले पाहिजे.

याउलट काही दारे कोणत्याही विषयाने बंद होत नाहीत. तीन वर्षांच्या विधी पदवीसाठी कोणत्याही शाखेचा पदवीधर पात्र असतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेलाही मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते आणि वैकल्पिक विषय पदवीचाच असावा असे बंधन नाही. तेव्हा ‘कलेक्टर व्हायचे आहे’ म्हणून नावडता विषय गळ्यात मारून घेण्याचे कारण नसते. अशा विद्यार्थ्याने ज्यात मन रमेल आणि गुण टिकतील असा विषय घ्यावा, हे अधिक व्यवहार्य.

ही दारे तपासण्याची रीत सोपी आहे. पदवीनंतर करावेसे वाटणारे दोन-तीन अभ्यासक्रम वा व्यवसाय लिहावेत, त्यांची पात्रता अधिकृत संकेतस्थळावर वाचावी आणि तेथून उलट्या दिशेने पहिल्या वर्षापर्यंत यावे. अठराव्या वर्षी आयुष्याचे ध्येय पक्के असावे, अशी अपेक्षा कोणीच ठेवू नये. ध्येय ठरलेले नसेल तेव्हा अधिकाधिक दारे उघडी ठेवणारी विषयजोडी निवडणे, हेही नियोजनच होय.

‘तात्पुरता’ प्रवेश

सर्वांत मोठी जोखीम पत्करतो तो तात्पुरता प्रवेश घेणारा विद्यार्थी. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र वा वैद्यकीय प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, म्हणून हाताशी असावी या हेतूने बी.एस्सी.ची जागा घेतली जाते. येथे फार दिवस थांबायचेच नाही, या समजुतीने विषयांचे रकाने डोळे मिटून भरले जातात. पुढे हवी ती जागा मिळाली नाही, तर तो तात्पुरता प्रवेश तीन वर्षांचा मुक्काम ठरतो आणि न आवडणारी विषयजोडी पदरी पडते. मुख्य विषय बदलण्याची मुभा असली, तरी ती रिकाम्या जागा आणि विद्यापीठाचे नियम यांवर अवलंबून असते. दुसरा पर्यायही पहिल्याइतक्याच गांभीर्याने भरावा, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ नुकसान टळते. जागा सोडताना शुल्क किती परत मिळते आणि कोणत्या तारखेपर्यंत, हेही प्रवेश घेतानाच विचारून ठेवावे.

तीन महिन्यांची आखणी

परीक्षेनंतरचे पहिले दोन आठवडे विश्रांतीचे. दोन वर्षांच्या ताणानंतर मुलगा दहा वाजेपर्यंत झोपला, तर घरच्यांनी तेवढे दुर्लक्ष करावे. ज्यांच्या सीईटी वा नीट परीक्षा बाकी आहेत, त्यांची सुटी अर्थात मे महिन्यातच सुरू होते.

त्यानंतरचे काम अभ्यासक्रम वाचण्याचे. विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम उपलब्ध असतो. केवळ विषयाचे नाव वाचून निर्णय घेऊ नये. मानसशास्त्र म्हणजे मनाच्या गुजगोष्टी अशी समजूत करून आलेल्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्र आणि प्रयोगांचे लेखन समोर आले की धक्का बसतो. भूगोलात नकाशे असतील हे ठाऊक असते, पण संगणकावरील नकाशाशास्त्र असेल हे नसते. प्रत्येक पसंतीच्या विषयाचे घटक, संदर्भग्रंथ, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आणि जुन्या प्रश्नपत्रिका पाहाव्यात. मग संदर्भग्रंथांपैकी एक पुस्तक आणून त्याची पहिली दोन प्रकरणे वाचावीत. पुण्यात १८४८ पासूनचे पुणे नगर वाचन मंदिर आहे, ठाण्यात १८९३ पासूनचे मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. लहान-मोठ्या प्रत्येक शहरात एखादे तरी सार्वजनिक वाचनालय असतेच. वाचताना पान उलटावेसे वाटते की पुस्तक मिटावेसे वाटते, हे कोणत्याही कलचाचणीइतकेच बोलके ठरते. त्याच विषयाची एक-दोन व्याख्याने ‘स्वयम्’वर ऐकणेही फुकट आणि उपयुक्त.

मराठी माध्यमातून आलेल्या आणि आता इंग्रजीतून शिकणार असलेल्या विद्यार्थ्यांसाठी हा उन्हाळा विशेष मोलाचा आहे. पहिल्या सत्रात त्यांना विषय अवघड जात नाही. अवघड जातात त्या संज्ञा. राज्य सरकारच्या भाषा संचालनालयाने अर्थशास्त्रापासून भौतिकशास्त्रापर्यंत अनेक विषयांचे परिभाषा कोश तयार केले आहेत आणि ते संकेतस्थळावर खुले आहेत. मराठी विश्वकोशही संकेतस्थळावर वाचता येतो. विषयाची ओळख विश्वकोशातील नोंदीतून करून घ्यावी, परिभाषा कोशातून तिच्या संज्ञांचे इंग्रजी प्रतिशब्द वहीत उतरवावेत आणि मग इंग्रजी पुस्तक उघडावे. रोज दहा शब्द धरले, तरी दोन महिन्यांत सहाशे शब्द होतात. पहिल्या सत्राला एवढी शिदोरी कमी नाही.

पुढचे काम माणसांना भेटण्याचे. पसंतीच्या महाविद्यालयात सध्या दुसऱ्या वा तिसऱ्या वर्षाला असलेल्या दोघा-तिघांना गाठावे आणि नेमके प्रश्न विचारावेत. हा विषय प्रत्यक्षात शिकवला जातो की कागदावरच आहे? प्रात्यक्षिके किती वाजता संपतात? मायनर बदलता आला का? ७५ टक्के उपस्थितीचा नियम कितपत काटेकोरपणे पाळला जातो? माहितीपुस्तिकेत न छापलेली ही उत्तरे चहाच्या एका कपावर मिळतात.

कागदपत्रांचा डोंगर

निकालानंतर तहसील कार्यालये आणि सेतू केंद्रांपुढे रांगा लागतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, राखीव प्रवर्गांसाठी जातीचे व जातवैधता प्रमाणपत्र, मुदतीतील नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र यांपैकी जे लागणार असेल, त्यासाठी एप्रिलमध्येच अर्ज करावा. जातवैधतेला तर काही महिने आधीच हात घालावा लागतो. महाडीबीटी या पोर्टलवरील शिष्यवृत्तीसाठी विद्यार्थ्याचे बँक खाते आधारशी जोडलेले असणे आवश्यक असते. अन्य मंडळांतून वा राज्याबाहेरून आलेल्यांनी स्थलांतर प्रमाणपत्राची चौकशी करावी.

श्रेयांक जमा होतात ते २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये. त्यासाठी डिजिलॉकरमधून ओळख क्रमांक काढावा लागतो. येथे एक क्षुल्लक वाटणारी अडचण अनेकांची वाट अडवते. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारपत्रावर शेवटी, एकीकडे वडिलांचे पूर्ण नाव आणि दुसरीकडे केवळ आद्याक्षर, अशा विसंगती असतात. नाव, जन्मतारीख आणि स्पेलिंग सर्व कागदांवर जुळते का, हे सुटीतच तपासून दुरुस्ती करून घ्यावी.

या श्रेयांकांमुळे शिक्षणात खंड पडला तरी ते वाया जात नाही, असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण त्याला अटी आहेत. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायचे, तर वर्षाच्या श्रेयांकांखेरीज चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम वा इंटर्नशिप पूर्ण करावी लागते. परतायचे ते तीन वर्षांच्या आत, आणि पदवी पूर्ण करायची ती एकूण सात वर्षांच्या मर्यादेत. घरच्या अडचणीमुळे ज्याला थांबावे लागेल त्याच्यासाठी ही सोय मोलाची आहे. मात्र ‘कंटाळा आला तर सोडता येते’ असा तिचा अर्थ घेऊ नये.

पालकांनी काय करावे?

पालकांच्या पिढीला मेजर-मायनरची भाषा अपरिचित आहे, यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. रकान्यांचा अर्थ मुलांकडून समजून घेणे, हीच त्यांची मोठी मदत ठरू शकते. दुसऱ्याला समजावून सांगताना मुलाचा स्वतःचा विचार स्पष्ट होतो आणि जेथे उत्तर अडखळते तेथे चौकशी अपुरी राहिली आहे, हे दोघांच्याही ध्यानात येते. रकाना मात्र मुलानेच भरावा. पावसाळ्यातल्या गर्दीच्या लोकलमधून सकाळी सातच्या व्याख्यानाला त्यालाच जायचे असते. तेथे ‘बाबांनी सांगितले म्हणून’ हे कारण फार काळ टिकत नाही.

वर्ग सुरू होतात तेव्हा सूचनाफलकावर वेळापत्रक लागते. त्याभोवती गर्दी होते आणि त्या गर्दीत दोन प्रकारचे विद्यार्थी दिसतात. काहींना आपला मायनर कोणता हेच आठवत नसते आणि ते मोबाइलमध्ये अर्जाची प्रत शोधत असतात. काहींना मात्र बुधवारी दुपारी आपला कोणता तास आहे आणि तो आपण का घेतला आहे, हे ठाऊक असते. दोघांचे बारावीचे गुण सारखेच असतील, कदाचित दुसऱ्याचे थोडे कमीही असतील. फरक पडलेला असतो तो मधल्या उन्हाळ्यात.